अल ऐनला योर्गोसचं बारसं

द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली, वेलांच्या आडव्या ओलांड्यांवर हिरवे कोंब दिसायला लागले आणि मी बॅग भरली. मे महिन्यात आमच्या तासगावकडची ऐपतदार माणसं महाबळेश्वरला जातात, मी वाळवंटात निघाले होते. बागेतल्या बायकांनी मला तोंडावर हसून घेतलं. पण नातू झाला होता, आणि नातवाला भेटायला हवामान बघून जायचं नसतं.

माझी मुलगी अश्विनी अल ऐनच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. तिचा नवरा आंद्रेयास ग्रीक, पाण्याच्या कामावरचा इंजिनियर. लग्न त्यांनी तिकडेच मोजक्या माणसांत उरकलं, त्यामुळे व्याह्यांशी माझी गाठ कधी पडली नव्हती. ग्रीक जावई मी पचवला, गावानेही पचवला. नातवाचं नाव मात्र माझ्या घशात अडकलं. अश्विनीने फोनवर सांगितलं ते असं:

"आई, आंद्रेयासकडे पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवतात. बारसं आपल्या पद्धतीने करायचं ठरलंय. पाळणा तूच म्हणायचास, नाव गुंफून."

"नाव काय?"

"जॉर्ज."

मी बाळाचं वजन विचारलं आणि फोन ठेवला.

आमच्या वाडीत कुणाच्याही घरी बारसं असलं की पाळणा मी रचते. शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव आलं की आत्याने ते कानात सांगायचं, अशी आमची रीत. आजवर कधी अडले नाही. पण जॉर्ज? माझे वडील इंग्रजांच्या राज्यात तुरुंगात जाऊन आलेले. सुटून आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते आजीच्या गळ्यातली चांदीच्या रुपयांची माळ काढून घेतली. प्रत्येक रुपयावर जॉर्ज राजाचं तोंड होतं. ती माळ त्यांनी सोनाराकडे समोर बसून वितळवली आणि त्या चांदीचे लहान मुलाचे वाळे करून घेतले. ते वाळे माझ्या पायात वाजले, नंतर अश्विनीच्या पायात वाजले, आणि आता नातवासाठी माझ्या पर्समध्ये होते. वडिलांनी ज्याला वितळवलं त्याच्या नावाने मी पाळणा म्हणणार नव्हते.

अल ऐन

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखा आहे तो व्हिसाचा कागद. विमानतळावर तो हातात धरून उभी होते तेव्हा वाचला, व्यवसाय: गृहिणी. अश्विनीने भरलेला. सासरे गेल्यापासून नऊ एकरांची बाग मी बघते, नवरा होता तेव्हाही तो बँकेत आणि मी बांधावर. गाडीत बसल्याबसल्या मी विचारलं, तर म्हणाली, "अगं आई, फॉर्म लवकर प्रोसेस व्हावा म्हणून. सगळ्याच आयांचं तेच लिहितात." सगळ्या आया औषधाचे पंप पाठीला लावत नाहीत, एवढं म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

बाहेर वाळू. दुबईची उंच घरं मागे पडली की वाळूचा रंग बदलत जातो, आधी पांढुरका आणि मग आपल्या विटेसारखा तांबूस. आंद्रेयास गाडी चालवताना दर थोड्या वेळाने "आई, ओके?" विचारायचा. मराठीतले त्याचे शब्द म्हणजे आई, पाणी, पोळी, आणि का कोण जाणे, "बघूया". अल ऐन लागलं आणि दोन्ही बाजूंना खजुराची झाडं सुरू झाली. बुटकी घरं, शांत रस्ते, मागे एकटा मोठा डोंगर. मला ते गाव पाहताक्षणी पटलं. जिथे झाडांना पाणी वेळेवर मिळतं ते गाव वाईट असूच शकत नाही, अशी माझी समजूत आहे.

नातवाला मांडीवर घेतलं तेव्हा नावाचा विषय मी विसरले. कान वडिलांचे, हनुवटी आमच्या घरची. वाळे घातले तर त्याने पाय झाडून वाजवून दाखवले.

शेजारच्या नसीमाभाभी संध्याकाळी आल्या. मूळच्या रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या, इथे डब्यांचा धंदा करतात. अश्विनीला बाळंतपणात आळीव आणि डिंक त्यांनीच खायला घातले. पाळणा कुठे मिळणार याची मला काळजी होती.

"काकी, टेन्शन कशाला? माझ्या पोरांचा पाळणा आहे ना घरी, लाकडाचा, गावाहून आणलेला. तुमच्या जावयाला बोला गाडी घेऊन या, यल्ला, उद्याच नेऊ. फुलं मी दुबईला अल कुसैसच्या माझ्या भावाला सांगते, उधर सब मिलता है."

"आणि घुगऱ्या?"

"हरभरे आजच भिजवू का? बारसं तर शुक्रवारी आहे, इन्शाल्ला. तुम्ही फक्त पाळणा म्हणा."

मी अश्विनीकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. पाळणा म्हणेन, पण नावाचं कडवं दुसऱ्या कुणाकडून म्हणून घे.

"नावाशिवाय पाळणा कसला गं?" तिचा आवाज चढला. "मी सगळ्यांना सांगितलंय, माझी आई स्वतः रचते. आंद्रेयासचे बाबा फक्त या बारशासाठी येतायत. ते आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतायत, आई."

"आणि जिवंत माणसाचं नाव पोराला देतात कधी? उद्या पोरगं उधळलं तर त्याला हाक मारून रागावणार कशी तू? सासऱ्यांच्या नावाने शिव्या देणार?"

नसीमाभाभी खो खो हसल्या. अश्विनी हसली नाही. बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. चहा तसाच राहिला.

देरा

व्याही आणि जावयाची बहीण एलेनी दुबईला उतरणार होते. विमानाला अवकाश होता म्हणून आंद्रेयास मला देराच्या जुन्या बाजारात घेऊन गेला. सोन्याच्या गल्लीत मी फार रमले नाही. दुकानाच्या काचेत चिलखतासारखे दागिने टांगलेले, ते घालून बाई चालणार कशी? मसाल्याच्या गल्लीत मात्र पाय थबकले. पोती उघडी ठेवलेली, केशर, सुकी लिंबं, गुलाबाच्या कळ्या, आणि एका दुकानात बेदाण्यांची रास.

"माताजी, ईरान का है, एक नंबर," दुकानदार म्हणाला.

मी एक दाणा चावला. "भाईसाब, गोडी कम है. अंगूर का मणी कच्चा तोडा है."

तो जरा रागावला. मग मी पर्समधून माझी पुडी काढली. हिरवट पिवळा, लांबोडा दाणा, आमच्या बेदाण्याच्या शेडमधला. त्याने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग आतून भागीदाराला बोलावलं. दोघे अरबीत काहीतरी बोलले.

"ये कहाँ का माल है? पार्टी का नंबर दो."

"पार्टी मीच," मी मराठीतच म्हणाले, आणि छातीवर बोट ठेवलं.

त्याने मला स्टुलावर बसवलं, आल्याचा चहा मागवला, पुढच्या हंगामात नमुना पाठवा म्हणून कार्ड दिलं. आंद्रेयास बाजूला उभा राहून हसत होता. बाहेर आल्यावर इंग्रजीत म्हणाला की माझ्या वडिलांबरोबर बाजारात जाणं अगदी असंच असतं. मला वाटलं, म्हातारा घासाघीस करणारा असेल.

विमानतळावर पाहिला तर तसा वाटेना. उंच, पांढऱ्या मिशांचा, एवढ्या उकाड्यात काळा कोट घातलेला. मी मनात म्हटलं, हा निवृत्त न्यायाधीश असणार. मी हात जोडले. त्याने हात छातीवर ठेवून मान लववली. एलेनी शाळेत शिकवते, तिचं इंग्रजी मला समजेल इतकं सावकाश होतं. बापाला ग्रीकखेरीज एक अक्षर येत नव्हतं.

घरी आल्यावर एलेनी धावत बाळाकडे गेली, वाकली आणि त्याच्या तोंडावर चक्क थुंकल्यासारखं केलं, "फ्तू, फ्तू, फ्तू!" मी ओरडणारच होते. तेवढ्यात अश्विनी म्हणाली, "आई, दृष्ट! त्यांच्याकडे असंच करतात." मग मला आमच्या आत्याबाई आठवल्या, मीठमोहऱ्या उतरवून तीन वेळा थुथु करणाऱ्या. मी काजळाची तीट लावली होतीच, एलेनीने झबल्याला निळ्या डोळ्याचा मणी टाचला. आता या पोराला कोण काय दृष्ट लावणार!

मग म्हाताऱ्याने बॅग उघडली. ऑलिव्हच्या तेलाचा डबा निघाला, मधाची बाटली निघाली, आणि फडक्यात बांधलेली एक मोठी पुरचुंडी माझ्यासमोर ठेवली. सोडली तर आत बेदाणे.

मी उठले आणि माझी पिशवी आणून त्याशेजारी ओतली.

त्याने माझा दाणा उजेडात धरला, दाबून पाहिला, देठाची जागा तपासली. मी त्याचा तपासला. जरा काळपट, साखर भरपूर, साल पातळ. एका हाताने त्याने घोस पाण्यात बुडवून काढल्याची खूण केली आणि तेलाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"पोटॅशचं पाणी! आणि डिपिंग ऑइलच्या जागी हे तेल! वाळवायच्या आधी आम्हीही द्राक्षं अशीच बुडवतो!" मी म्हणाले. "अश्वी, हा माणूस बेदाणा करतो?"

"हो, क्रीट बेटावर त्यांच्या गावात. बाग आहे त्यांची. मी सांगितलं नव्हतं तुला?"

नव्हतं सांगितलं. तिकडे एलेनी तिला विचारत होती की तुझी आई बेदाणे कुठून घेते. म्हणजे त्यांनाही काही सांगितलेलं नव्हतं. अश्विनीने खाली पाहिलं आणि सावकाश इंग्रजीत सांगितलं की माझी आई घेत नाही, आई पिकवते, माझी आई शेतकरी आहे. मी तिच्या तोंडून हे चारचौघांत पहिल्यांदा ऐकलं. फार बरं वाटलं मला, ते लपवत नाही.

खजुराच्या बागेत

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत आम्ही अल ऐनच्या जुन्या ओअॅसिसमध्ये गेलो. मातीच्या भिंतींमधून वाटा जातात, दोन्ही बाजूंना खजूर, खाली केळी, आंबे, अंजिरं. डोंगराच्या पायथ्यापासून खोदून आणलेलं पाणी पाटांनी खेळवलेलं. तिथले लोक त्याला फलज म्हणतात. पाळीने पाणी, ज्याची पाळी त्याने दार उघडायचं. आमच्या विहिरीवरच्या पाळ्या आणि त्यावरून होणारी भांडणं आठवून मला घरी आल्यासारखं वाटलं. मजूर शिड्यांवर चढून खजुराचे कोवळे घोस झावळ्यांना बांधत होते.

व्याह्याने कोट घरी ठेवला होता. बाह्या वर सारून तो पाटाशी उकिडवा बसला आणि माती चिमटीत घेऊन चुरली. मीही बसले. एका भिंतीवर कुणीतरी द्राक्षाचा वेल चढवला होता, सगळा गचपण झालेला. आम्ही दोघांनी तो एकाच वेळी पाहिला आणि एकाच वेळी नापसंतीने मान हलवली. मागे अश्विनी आणि एलेनी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मी दोन बोटं दाखवून सांगितलं की आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. एलेनीने ते सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला. त्याच्याकडे एकदाच, थंडीत. दोनदा छाटून वेल जगतो कसा, हे तो मला तीन वेळा विचारत होता. जगतो, आणि फळ देतो, मी म्हणाले. त्याने माझ्यासाठी हाताने टोपी काढल्याची नक्कल केली.

मग मीच विषय काढला. एलेनीला विचारलं, एवढ्या चांगल्या शेतकऱ्याचं नाव इंग्रजांच्या राजाचं कसं?

"राजाचं?" तिने डोळे मोठे केले. "जॉर्ज हे इंग्रजांनी केलेलं. आमच्याकडे कागदावर येओर्यिओस, घरात योर्गोस. इथे लोकांना उच्चारता येत नाही म्हणून तुमच्या मुलीने सोपं करून सांगितलं असेल."

"पण अर्थ काय?"

तिने वाकून ओली माती उचलली, अस्सल मास्तरीण. "जुन्या ग्रीकमध्ये 'गे' म्हणजे जमीन. 'एर्गोन' म्हणजे काम. जमिनीत काम करणारा. शेतकरी. आजही आमच्याकडे शेतकऱ्याला याच शब्दाने ओळखतात. पुढे या नावाचा एक संत झाला, त्याच्या भक्तीने नाव देशोदेशी गेलं. इंग्लंडच्या राजवाड्यात ते पोचलं कितीतरी शतकांनंतर."

अश्विनीने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. मी पाटाच्या कडेला बसूनच राहिले. म्हणजे राजाने शेतकऱ्याचं नाव उचललं होतं. रुपयावर ज्याचं तोंड होतं त्याला स्वतःच्या नावाचा अर्थ कुणी सांगितला होता का कोण जाणे! आमच्या आजीच्या गळ्यातून वडिलांनी तोंड काढून टाकलं ते योग्यच केलं. नाव मुळात त्या तोंडाचं नव्हतंच, ते आमच्या वडिलांसारख्या माणसाचं होतं. तुरुंगातून सुटले आणि दुसऱ्या दिवशी कुळव धरला त्यांनी.

"आणि जिवंतपणी नाव देता ते?" मी विचारलं. "आमच्यात माणूस गेल्यावर देतात."

एलेनीने बापाला विचारलं. तो पाटाच्या पाण्यात हात धूत होता. त्याने जे सांगितलं ते तिने तसंच सांगितलं: मेल्यावर दिलं तर मला ऐकू कसं येणार? मला माझं नाव माझ्या कानांनी पुढे जाताना ऐकायचंय.

आमची पद्धत चुकीची नाही, आम्ही गेलेल्याला घरात परत आणतो. पण हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आला होता, तो कशासाठी हे आता मला नीट कळलं. परतताना गाडीत मी पहिल्या कडव्यापासून पाळणा मनात म्हणायला लागले. अश्विनीने मागे वळून पाहिलं, पण काही विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. आईला एवढा तोरा शोभतो.

शुक्रवार

नसीमाभाभींचा पाळणा झेंडूने सजला. त्यांच्या भावाने फुलं इतकी आणली की उरलेल्या फुलांचं तोरण शेजारच्या सुदानी कुटुंबाच्या दारालाही लागलं. अल ऐन आणि दुबईहून अश्विनीच्या मराठी मैत्रिणी आल्या होत्या. घुगऱ्या, सुंठवडा, भाभींची बिर्याणी, एलेनीने केलेली द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताची वळकटी. द्राक्षाचं पान खातात हे मला साठीनंतर कळलं. इतकी वर्षं आम्ही शेरडांना घालतोय!

एलेनीला नऊवारी नेसवून आत्या म्हणून पाळण्यापाशी बसवलं होतं. नाव कानात सांगताना बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे तिला सांगायचं सगळ्याच विसरल्या. पाळण्याखालून वरून बाळाला देऊन घेऊन झालं, आणि खोली माझ्याकडे बघायला लागली. अश्विनी पाळण्याची दोरी धरून उभी होती. तिच्या बोटांवरून मला कळत होतं की तिला अजून खात्री नाही.

पहिली कडवी म्हटली. वाळ्यांचं कडवं झालं, खजुरांचं झालं. मग मी थांबले, श्वास घेतला आणि म्हटलं:

*सातासमुद्रांचा आजोबा आला,*
*माती कसणारी आजी पाळण्याला,*
*दोन्ही शिवारांचा वाटा बाळाला,*
*योर्गोस नाव ठेविले त्याला, जो जो रे जो.*

"कुर्रर्र!" बायका ओरडल्या, एलेनी कानाशी वाकली आणि तिच्या पाठीत दणादण धपाटे बसले. ती किंचाळून उठली. एका मैत्रिणीच्या मुलीने घाबरून विचारलं, "मम्मा, व्हाय आर दे हिटिंग हर?" हसता हसता पाळण्याची दोरी अश्विनीच्या हातातून सुटली, आणि तिने मला घट्ट मिठी मारली. "आई, तू मला एक शब्द बोलली नाहीस," एवढंच म्हणाली.

म्हातारा मागे पुरुषांत उभा होता. मराठी कडव्यातला त्याला एकच शब्द कळणार होता, आणि तो कळला होता. तो पुढे आला, पुन्हा काळा कोट घातलेला, डोळे पुसण्याची लाज न बाळगता. अश्विनीकडून समजून घेऊन आंद्रेयासने कडव्याचा अर्थ त्याला सांगितला. त्याने आंद्रेयासला काही सांगितलं आणि आंद्रेयासने ते जमेल तेवढ्या मराठीत, नसीमाभाभींना विचारत विचारत, माझ्यापर्यंत आणलं.

"बाबा बोलतात, नाव फक्त त्यांचं नाही. आई पण योर्गोस."

वाळे घातलेला छोटा योर्गोस पाळण्यात पाय झाडत होता. राजाची चांदी, शेतकऱ्याचे पाय. माझ्या वडिलांनी हे पाहायला हवं होतं, असं वाटून मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

बागेत

परत आले तेव्हा बागेत वेलांच्या जादा फुटी काढण्याचं काम सुरू होतं. बायकांना खजूर वाटले, फोनवर फोटो दाखवले. एलेनीची नऊवारी पाहून त्यांचं हसू आवरेना. शालन माझ्याकडे कित्येक वर्षं कामाला आहे, छाटणीत तिचा हात गावात पहिला. तिने नाव विचारलं. मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, जिभेवर बसवलं, आणि कात्री कमरेला खोचून विचारलं,

"योर्गोस म्हंजी काय वो काकू?"

"म्हणजे आपण, शालन."

ती समजली की नाही कोण जाणे. मी पदर खोचला आणि पुढच्या ओळीला लागले.